पदरातले तिखट

आठ मार्चचा सुमार आला की नागपुरात स्वसंरक्षणाच्या शिबिरांना बहर येतो. महाविद्यालयाच्या पटांगणावर मुली रांगेने उभ्या राहतात, प्रमुख पाहुणे रणरागिणींचा गौरव करतात, कराट्याचे दोन-चार हात दाखवले जातात आणि अखेरीस मिरचीच्या फवाऱ्याची, म्हणजे लोकभाषेत ‘पेपर स्प्रे’ची, एकेक डबी मुलींच्या हाती ठेवून छायाचित्र काढले जाते. ती डबी किती अंतरावरून वापरायची, वारा समोरून असेल तर काय करायचे, तिचे आयुष्य किती, हे सांगायला बहुधा वेळ उरलेला नसतो. मग ती पर्सच्या तळाशी किल्ल्या, कंगवा आणि औषधांच्या गोळ्यांखाली जाऊन पडते आणि दोन-तीन वर्षांनी तिच्यातला दाब निघून गेला तरी तिच्या मालकिणीला त्याची वार्ता नसते. समारंभ पार पडलेला असतो. संरक्षण मात्र राहून गेलेले असते.

या डबीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा सध्या रूढ आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. सत्ताधाऱ्यांना आणि प्रायोजकांना ती स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचे उत्तर वाटते, कारण हे उत्तर स्वस्त असते आणि ते दिले की शासनाने काही करायचे उरत नाही. उलट, पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींपैकी अनेकांना तिच्याविषयी तुच्छता वाटते. बाजारपेठेने भीतीचाही माल केला, मूळ प्रश्न पुरुषसत्तेचा आहे, तो डबीने कसा सुटणार, असा त्यांचा युक्तिवाद असतो. युक्तिवाद खोटा नाही. पण रात्री साडेदहाला बुटीबोरीच्या कारखान्यातून परतणाऱ्या मुलीला, व्यवस्था बदलेपर्यंत दम धर, असे सांगण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. संपावर जाणाऱ्या कामगाराला समाजवाद येईपर्यंत थांब असे ज्यांनी कधी सांगितले नाही, त्यांनी या मुलीलाही तसे सांगू नये. तिला आज रात्री घरी पोचायचे आहे.

तेव्हा आधी त्या डबीचाच विचार नीट करायला हवा.

तिखट म्हणजे काय, हे नागपूर जिल्ह्याला शिकवण्याची गरज नाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भिवापूर, मांढळ आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यातील पवनी या भागात हंगामात मिरचीचे सातरे लागतात. तेथे लाल मिरचीच्या ढिगाऱ्यांसमोर बसून स्त्रिया दिवसभर देठ खुडतात आणि वजनावर मजुरी घेतात. हाताची आग, डोळ्यांतले पाणी, घशातला ठसका हा त्यांच्या कामाचा भाग. त्याची भरपाई मजुरीत धरलेली नसते. संध्याकाळी त्याच हातांनी लेकराला जवळ घ्यायचे तर हात कितीदा धुवावे लागतात, हे त्यांना विचारावे. पाण्याने ती आग जात नाही, कारण मिरचीतले कॅप्सायसिन नावाचे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि मद्यार्कात विरघळते. उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंवरच ते काम करते, म्हणून प्रत्यक्षात भाजलेले नसताना भाजल्यासारखे वाटते. या शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाला २०२१ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सातऱ्यावरच्या बायकांना त्यातला अनुभवाचा भाग आधीपासून ठाऊक होता.

डबीत असते ते या द्रव्याचे तेलकट सत्त्व आणि ते जोराने बाहेर ढकलणारा दाबाखालचा वायू. अमेरिकेत १९६० च्या दशकात टपालवाल्यांना कुत्र्यांपासून बचावासाठी असे फवारे मिळू लागले. पोलिसांच्या आणि नागरिकांच्या हाती ते पुढे आले. सत्त्व डोळ्यांत गेले की पापण्या आपोआप मिटतात, श्वास अडखळतो, आणि साधारण अर्धा-पाऊण तास माणूस धड पाहू शकत नाही. दारूच्या नशेतल्या माणसाला नुसती वेदना कदाचित रोखणार नाही, पण मिटलेल्या पापण्या बहुधा रोखतात. बहुधा म्हणण्याचे कारण हे की असा फवारा काही जणांवर अपुरा पडतो आणि समोरच्याच्या डोक्यावर काच असलेले हेल्मेट असेल तर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ज्या शहरात मोटरसायकलवरून येऊन मंगळसूत्र हिसकावले जाते, तेथे हे आधीच सांगितलेले बरे.

पदरात बांधलेल्या तिखटाच्या पुडीशी त्याची तुलना अनेक जणी करतात. पुडी स्वस्त आहे, घरची आहे आणि आजीच्या काळापासून चालत आलेली आहे. पण ती सोडवायला दोन्ही हात लागतात, भिरकावलेली पूड दोन हातांपलीकडे फारशी जात नाही आणि वाऱ्याची झुळूक उलटी आली की ती टाकणारीच्याच डोळ्यांत येते. डबीचा मुख्य लाभ आहे तो अंतराचा. हल्लेखोर हातभर अंतरावर येण्यापूर्वीच त्याला थांबवता आले, तर निसटून जायला वेळ मिळतो. एवढ्यासाठीच तिची किंमत.

दुकानात गेल्यावर मुलीने पाहायचे काय? प्रथम, फवारा कसा निघतो ते. काही डब्यांतून धार निघते: ती तीन-चार मीटरपर्यंत जाते, वाऱ्याला फारशी दाद देत नाही, पण नेम लागतो. काहींतून धुक्यासारखा पसारा निघतो: नेम चुकला तरी चालतो, पण तो रिक्षात, लिफ्टमध्ये, जिन्यात सोडला तर दोघांचेही डोळे मिटतात. काहींत चिकट लगदा असतो. तो हवेत पसरत नाही, म्हणून बंद जागेत बरा. रस्त्याने एकटीने जाणाऱ्या नवशिकीला सामान्यतः धारेची डबी आणि तिचा थोडा सराव हे सर्वांत उपयोगी. दुसरे, वेष्टनावरच्या मोठ्या टक्केवारीला भुलू नये. सत्त्वाचे प्रमाण किती यापेक्षा त्या सत्त्वात तिखट द्रव्य किती हे महत्त्वाचे असते, आणि नेमके तेच अनेक वेष्टनांवर छापलेले नसते. जे उत्पादक ते छापतात त्यांचा माल घ्यावा. तिसरे, मुदतीची तारीख. चौथे, खटका. तो पर्समध्ये आपोआप दबता कामा नये आणि अंधारात अंगठ्याने उघडता आला पाहिजे. लाल-गुलाबी रंगाच्या, किल्लीला लटकणाऱ्या, लिपस्टिकसारख्या दिसणाऱ्या डब्यांचे सध्या कौतुक आहे; शोभेपेक्षा खटका तपासणे अधिक शहाणपणाचे.

आणि एक नागपूरपुरती सूचना, जी कोणत्याही वेष्टनावर मराठीत छापलेली आढळत नाही. दाबाखालची डबी तापू द्यायची नसते. पन्नास अंशांपलीकडे ती फुटण्याचा धोका असतो. मे महिन्यात या शहरात सावलीतला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत तो कुठे जात असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. ज्या डिकीत मुली ही डबी सर्रास ठेवतात, तीच तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा होय.

पण निवड हा अर्धाच भाग. सरावाशिवाय डबी म्हणजे न वाचलेले पुस्तक. पाणी भरलेल्या सरावाच्या डब्या मिळतात. त्या न मिळाल्या तर खऱ्या डबीचा एक क्षणभराचा फवारा मोकळ्या मैदानात, वारा पाठीशी घेऊन मारून पाहता येतो. शिकायच्या गोष्टी थोड्या आहेत, मात्र त्या हाताला लागेपर्यंत करायला हव्यात. निर्जन रस्ता लागण्यापूर्वी डबी पर्समधून मुठीत यावी. समोरचा चार पावलांवर असतानाच मोठ्या आवाजात ‘मागे हो’ असे बजावावे, कारण त्याने त्याला इशारा मिळतो आणि आसपासच्यांनाही. फवारा डोळ्यांच्या रेषेत, अर्धा ते एक सेकंद; लगेच एका बाजूला सरकायचे, कारण आंधळा झालेला माणूसही सरळ पुढे धावून येतो; आणि मग पळायचे. परिणाम पाहत उभे राहायचे नाही, चार लाथा घालण्याचा मोह धरायचा नाही. उजेड आणि माणसे असतील तेथे पोचून पोलिसांना कळवायचे. स्वतःच्या डोळ्यांत गेलेच तर चोळू नये, मोकळ्या हवेत उघडझाप करीत राहावे, भरपूर थंड पाण्याने आणि सौम्य साबणाने चेहरा धुवावा; तूप-तेल लावले तर आग पसरते. दमा असलेल्यांना हा फवारा जड जातो, मग तो कोणीही मारलेला असो. या सगळ्याला एक दुपार पुरते आणि सहा महिन्यांनी एकदा उजळणी. शिबिरातली भाषणे कमी केली तरी तेवढा वेळ सहज निघेल.

जाता जाता हेही नोंदवावे की या देशात मिरचीच्या फवाऱ्याचे सर्वांत गाजलेले प्रात्यक्षिक एखाद्या असहाय स्त्रीने केलेले नाही. ते १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका खासदाराने तेलंगणाच्या विधेयकाला विरोध म्हणून केले आणि लोकप्रतिनिधींना खोकत, डोळे पुसत सभागृहाबाहेर यावे लागले. काश्मीरमध्ये निदर्शकांवर मिरचीचे गोळे सोडण्याचा प्रयोग शासनानेही केलेला आहे. साधन कोणाच्या हाती आहे यावर त्याचा नैतिक रंग ठरतो. आणि म्हणूनच कायद्याकडे वळावे लागते.

कायदा या बाबतीत समजला जातो तितका कृपण नाही. फवारा बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर प्रतिकारात हल्लेखोराचा मृत्यू घडला तरी तो अपराध ठरत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने त्यात आम्लहल्ल्याचीही भर पडली. दर्शनसिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संकटात सापडलेल्या माणसाने प्रतिकार तोळामाशाने तोलून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मात्र मर्यादा दोन आहेत. गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि शासनयंत्रणेकडे धाव घ्यायला अवधी असेल तर हा अधिकार मिळत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ साली मालमत्तेच्या भांडणात फवारा वापरणाऱ्यांवरील खटला रद्द करण्यास नकार दिला, तो याच अंगाने. जिवाला तात्काळ धोका नसताना तो वापरणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

यातली दुसरी मर्यादा नीट वाचावी. शासनाकडे धाव घ्यायला अवधी असेल तर, असे कायदा म्हणतो. धाव घेतली आणि शासनाने दार उघडलेच नाही, तर काय, याविषयी तो गप्प आहे. या मौनाचा इतिहास विदर्भाइतका दुसऱ्या कोणत्या प्रदेशाने भोगला असेल असे वाटत नाही.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज. मथुरा या नावाने पुढे देशभर ओळखली गेलेली अल्पवयीन आदिवासी मजूर मुलगी पोलीस ठाण्यात नेली गेली आणि त्या ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरड केल्याचे दिसत नाही, तेव्हा प्रतिकार झाला नसावा आणि संमती असावी, असा त्या निकालाचा आशय होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र, त्यातून उठलेले आंदोलन आणि १९८३ ची कायद्यातली दुरुस्ती हा भाग जुन्या वाचकांना सांगायला नको. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात नेमकेपणाने यायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले. एका वाक्यासाठी पस्तीस वर्षे.

दुसरी घटना नागपूर शहराच्या मध्यावरची. जरीपटक्याच्या बाजूला कस्तुरबानगर ही श्रमिकांची, बहुसंख्येने दलितांची वस्ती. अक्कू यादव या गुंडाने तेथे वर्षानुवर्षे खंडणी, मारहाण आणि बलात्कार यांचे राज्य चालवले. तक्रार घेऊन गेलेल्या बाईचे नाव ठाण्यातून त्याच्यापर्यंत पोचते, असा वस्तीचा आरोप होता. पोलिसांनी त्याला पुन्हा पुन्हा पकडले आणि तो पुन्हा पुन्हा सुटून आला. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जामिनाच्या सुनावणीसाठी जिल्हा न्यायालयात आणण्यात आले. तो याही वेळी सुटणार अशी बातमी वस्तीत पोचली होती. न्यायालयाच्या दालनातच जमावाने त्याला गाठले. त्या जमावात दोनशेच्या आसपास बायका होत्या असे तेव्हा सांगितले गेले. त्याच्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या डोळ्यांत तिखट फेकले गेले आणि चाकूच्या वारांनी तो तेथेच ठार झाला.

पाच स्त्रियांना अटक झाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना अटक करा म्हणून अवघी वस्ती पुढे आली. शहरातल्या अनेक वकिलांनी, या बायकांना आरोपी नव्हे तर पीडित मानावे, अशी भूमिका घेतली. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ साली पुराव्याअभावी सर्व हयात आरोपी निर्दोष सुटले. वार नेमके कोणी केले हे न्यायालयात सिद्ध झालेले नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. या घटनेवर पुढे पुस्तके आली, चित्रपट आले, तिला दुर्गेच्या अवताराची उपमा देण्यात आली. ती उपमा या स्त्रियांवर अन्याय करणारी आहे. न्यायालयात माणूस मारला जाणे ही लोकशाहीच्या दृष्टीने भयंकर गोष्ट होती आणि राहील. जमावाच्या न्यायाला ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे इतरत्र निरपराध माणसे जमावाकडून ठेचली जाताना पाहावे लागले. पण ही गोष्ट भयंकर म्हणताना तिचा आरंभ कोठे झाला हे विसरता येत नाही. त्या बायका न्यायालयात तिखट घेऊन जाण्यापूर्वी ठाण्यात अर्ज घेऊन गेल्या होत्या. कायद्याच्या व्याख्येत त्यांचे तिखट स्वसंरक्षणात बसत नाही, कारण शासनाकडे धाव घ्यायला अवधी होता. तो अवधी सुमारे दहा वर्षांचा होता.

या दोन निकालांमध्ये स्त्री उभी आहे. १९७८ साली तिला सांगितले गेले की तू पुरेसा प्रतिकार केला नाहीस. २००४ साली तिला सांगितले गेले की तू फार केलास. आणि आता शासनाच्या आणि सद्भावी संस्थांच्या वतीने तिच्या हाती डबी ठेवली जात आहे. या डबीतला खरा धोका तिखटाचा नाही, तो येथे आहे. उद्या एखादी मुलगी ठाण्यात तक्रार घेऊन जाईल आणि मेजापलीकडून पहिला प्रश्न येईल: ‘स्प्रे नव्हता का जवळ? होता, मग मारला का नाहीस?’ रात्री बाहेर का गेलीस, असे कपडे का घातलेस, या जुन्या प्रश्नांच्या रांगेत हा नवा प्रश्न सहज सामावेल. उलटतपासणीत वकील तो विचारतील. वसतिगृहाच्या नियमावलीत फवारा बाळगणे सक्तीचे होईल आणि न बाळगणारीच्या बाबतीत जबाबदारी नाकारली जाईल. जो अधिकार आहे तो हळूहळू कर्तव्य केला जाईल. २०१३ साली मोठ्या कष्टाने मिळवलेले ते एक वाक्य अशा रीतीने पुस्तकात राहून व्यवहारातून पुसले जाऊ शकते.

म्हणून प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात फवाऱ्याच्या नेमाइतकेच हेही शिकवले गेले पाहिजे की भीतीने हात गोठला, डबी सापडली नाही, नेम चुकला, तरी त्यात मुलीचा दोष नाही. आणि हे मुलींना शिकवण्यापेक्षा ठाणेदारांना आणि हवालदारांना शिकवणे अधिक निकडीचे आहे.

शिवाय या डबीची मर्यादा आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट आढळते: बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या परिचयाचा असतो. नातेवाईक, शेजारी, मुकादम, मित्र, मालक. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी बनवलेले साधन स्वयंपाकघरात, कचेरीत किंवा बांधकामावर काय करणार? ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेवर सकाळच्या उजेडात, भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. पाठलाग करणारा तरुण तिच्या ओळखीचा होता. आठवड्याने नागपूरच्या रुग्णालयात तिचे निधन झाले; दोन वर्षांनी, त्याच तारखेला, आरोपीला जन्मठेप झाली. कोणत्या फवाऱ्याने तिला वाचवले असते? पाठलागाच्या पहिल्या तक्रारीची वेळीच दखल घेणाऱ्या यंत्रणेने कदाचित वाचवता आले असते. तिच्या मृत्यूनंतर विधिमंडळाने २०२१ च्या अखेरीस ‘शक्ती’ विधेयक एकमताने संमत केले, फाशीच्या तरतुदीवर टाळ्या पडल्या, आणि ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झालेच नाही. फाशीची घोषणा करणे सोपे. रात्री दहा वाजता तक्रार लिहून घेणारी महिला पोलीस प्रत्येक ठाण्यात बसवणे खर्चाचे.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता व्हावा. एका बऱ्या डबीला दोन-चारशे रुपये पडतात; मुदत संपली की पुन्हा तेवढेच. महाविद्यालयीन मुलीच्या घरी ते निघतील. सातऱ्यावर देठ खुडणारीला, चार घरची धुणीभांडी करून अंधार पडल्यावर उत्तर नागपुरातल्या वस्तीकडे पायी परतणारीला, बांधकामावरच्या छत्तीसगडी मजूर बाईला ते दिवसाच्या कमाईएवढे आहेत. ज्या स्त्रिया सर्वांत असुरक्षित रस्त्याने जातात त्यांच्याच हाती हे साधन पोचत नाही. त्या पदरात तिखटाची पुडीच बांधतात, तीही महिनाअखेरीस घरात तिखट उरले असेल तर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्यानुसार स्त्रियांना त्यांच्या संमतीने संध्याकाळी सातनंतर आणि पहाटे सहापूर्वी कामावर ठेवता येते. समान संधी म्हणून तिचे स्वागत झाले आणि संधी म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. पण पाळी संपल्यावर हिंगणा किंवा बुटीबोरीपासून घरापर्यंतचा रस्ता हा पाळीचाच भाग आहे, हे मालकांकडून मान्य करून घेतले पाहिजे. वाहन दारापर्यंत, कंत्राटी कामगारांनाही. प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी. डबी द्यायची तर मालकाच्या खर्चाने. कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत हे घातले आहे का, असे विचारले तर बऱ्याच ठिकाणी अवघडलेली शांतता पसरेल. सुरक्षिततेचा प्रश्न महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होण्याची सवय डाव्या संघटनांनाही आहे.

नागपूर पोलिसांनी डिसेंबर २०१९ मध्ये, हैदराबादच्या घटनेनंतर, रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात अडकलेल्या स्त्रीला घरी पोचवण्याची विनामूल्य सेवा जाहीर केली होती. कल्पना चांगली होती, कारण तिच्यात जबाबदारी स्त्रीच्या पर्समधून काढून शासनाच्या गाडीत ठेवलेली होती. अशा सेवा जाहीर होताना मथळे होतात. पुढे किती गाड्या, किती फेऱ्या, किती जणींना नकार, हे कोणी विचारत नाही. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक हजार कोटींनी सुरू झालेल्या निर्भया निधीबाबतही हेच घडत आले.

तेव्हा यंदाच्या आठ मार्चला डब्या जरूर वाटाव्यात. वस्त्यांमधून, सातऱ्यांवर, कारखान्यांच्या फाटकांवर, आणि एक दुपारभर नीट शिकवून वाटाव्यात. त्याच दिवशी नागपूरच्या पोलीस आयुक्तालयाने आणि ग्रामीण पोलीस अधीक्षकांनी एक कागद फाटकावर लावावा. स्त्रीची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद २०१३ पासून कायद्यात आहे. आताच्या न्याय संहितेत ती कलम १९९ मध्ये आहे. तक्रार घेतली नाही असे गाऱ्हाणे गेल्या वर्षी किती स्त्रियांनी वरिष्ठांकडे नेले आणि किती अधिकाऱ्यांवर हे कलम लागले, हे दोन आकडे त्या कागदावर असावेत, ठाणेवार.